राखलेला वेळ: धावपळीच्या जीवनात स्वतःची निगा

शरीर निरोगी आणि मन स्थिर राहावे म्हणून माणूस रोजच्या जगण्यात जाणीवपूर्वक जे जे करतो, त्या सर्वांना मिळून 'स्वतःची निगा' म्हणता येते. पुरेशी झोप, वेळेवर जेवण, अंगाला हालचाल, औषधपाणी, वेळच्या वेळी तपासण्या, जिव्हाळ्याच्या माणसांचा सहवास आणि कोणत्याही जबाबदारीविना घालवता येईल असा थोडा वेळ, या साऱ्यांचा तिच्यात समावेश होतो. जागतिक आरोग्य संघटना या संकल्पनेची व्याख्या करताना व्यक्तीबरोबर कुटुंब आणि समुदाय यांचाही उल्लेख करते. आरोग्य टिकवण्याची, रोग टाळण्याची आणि आजाराला तोंड देण्याची या तिघांची क्षमता म्हणजे स्वनिगा, असा त्या व्याख्येचा आशय आहे. परिचर्याशास्त्राच्या अमेरिकन अभ्यासक डोरोथिया ओरेम यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या विचाराला शास्त्रीय चौकट दिली. प्रत्येक प्रौढ माणसाला निगेची काही गरज असते आणि ती भागवण्याची काही क्षमताही असते. गरज क्षमतेपेक्षा मोठी झाली की तूट निर्माण होते आणि तेथे दुसऱ्याच्या मदतीची आवश्यकता भासते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या क्षमतेचा एक मोठा भाग म्हणजे वेळ. काय खावे, किती चालावे, केव्हा झोपावे याचे ज्ञान आज बहुतेक सुशिक्षितांना असते. मात्र ते अंमलात आणण्याइतका सलग आणि निर्वेध वेळ अनेकांच्या दिवसात नसतो. 'कामे आटोपली की स्वतःकडे पाहू' हा विचार घरोघर आढळतो, परंतु घरातील आणि नोकरीतील कामे पूर्णतः आटोपतील असा क्षण सहसा येत नाही, त्यामुळे उरलेल्या वेळावर सोपवलेली निगा कायमच मागे पडते. ती प्रत्यक्षात येते तेव्हा तिच्यासाठी वेळ आधी राखलेला असतो आणि त्या राखणीला भोवतालच्या माणसांची मान्यता असते. कामगारांच्या सुट्टीचा इतिहास, शरीराचे विज्ञान आणि समाजातील जुन्या चालीरीती या तिन्ही दिशांनी पाहिले तरी हाच निष्कर्ष निघतो, आणि या प्रकरणात त्याचीच मांडणी केली आहे.

वेळेचा हिशेब

भारतात वेळेच्या वाटपाचे पहिले अखिल भारतीय सर्वेक्षण राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केले. सहा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींनी आदल्या दिवसाचे चोवीस तास कोणकोणत्या कामांत घालवले याची नोंद घेणे, अशी या सर्वेक्षणाची पद्धत होती. घरातील विनावेतन कामांत, म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी यांसारख्या कामांत, ती करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर ती करणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटे जात असल्याचे त्यातून दिसले. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे झाले. पाच वर्षांत दोन्ही आकडे थोडे उतरले, पण त्यांतील अंतर जवळजवळ तसेच राहिले.

याच सर्वेक्षणात 'स्वतःची काळजी व देखभाल' असाही एक वर्ग आहे आणि २०२४ मध्ये त्यावर खर्च होणारा वेळ सरासरी ७०८ मिनिटे, म्हणजे जवळपास बारा तास नोंदला गेला. हा आकडा मोठा वाटतो, कारण झोप, अंघोळ आणि जेवण ही सर्व कामे या वर्गात येतात. आकड्यांतून वेळेची लांबी कळते. तो वेळ सलग मिळाला की तुकड्यातुकड्यांनी मिळाला, मन मोकळे ठेवून मिळाला की पुढच्या कामाच्या विचारात गेला, हे मात्र कळत नाही. डोंबिवली किंवा विरारहून मुंबईत नोकरीला जाणाऱ्या स्त्रियांच्या दिनक्रमात हा फरक स्पष्ट दिसतो. पहाटे पाणी भरून, कणीक मळून, सर्वांचे डबे भरून निघालेली स्त्री लोकलच्या महिलांच्या डब्यात चौथ्या सीटवर टेकते आणि संध्याकाळी परतताना त्याच डब्यात मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडते किंवा मटार सोलते, म्हणजे घरी पोहोचल्याबरोबर भाजी फोडणीला टाकता येते. हिशेबात हा वेळ प्रवासाचा असतो, प्रत्यक्षात त्यात स्वयंपाकाची पहिली पायरी उरकलेली असते. याच डब्यांत मैत्रिणींचे गट जमतात, भजने म्हटली जातात, वाढदिवस आणि हळदीकुंकूही साजरे होते. अनेकींच्या दिवसातील स्वतःचा म्हणावा असा एकमेव वेळ या गर्दीतच असतो, आणि निगेची गरज माणूस कोणत्याही फटीतून कशी भागवू पाहतो याचे ते बोलके उदाहरण आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात नोकरीनंतर घरी सुरू होणाऱ्या कामाला 'दुसरी शिफ्ट' असे म्हटले. पुढील अभ्यासकांनी तिच्या जोडीला मानसिक भाराची संकल्पना मांडली. गॅस सिलिंडर कधी नोंदवायचा, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी किती दिवस पुरेल, शाळेची फी भरण्याची शेवटची तारीख कोणती, दूधवाल्याचा हिशेब झाला का, अशी न लिहिलेली यादी सतत मनात वागवण्याचे श्रम म्हणजे हा भार होय. हात रिकामे असले तरी ही यादी चालूच राहते, म्हणून अशा व्यक्तीला तासभर बसायला मिळाले तरी विसावा मिळाल्यासारखे वाटत नाही.

शरीर उधारी विसरत नाही

निगेचा वेळ पुढे ढकलला तर नुकसान लगेच दिसत नाही, आणि याच कारणाने तो ढकलणे सोपे जाते. झोपेवरील एका प्रसिद्ध प्रयोगाने ही गोष्ट नेमकी दाखवली. हान्स व्हॅन डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात निरोगी प्रौढांच्या गटांना सलग चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठ तास झोपू दिले गेले. सहा तास झोपणाऱ्यांची एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग दिवसागणिक घसरत गेला आणि पंधरवड्याच्या शेवटी काही कसोट्यांवर तो एक-दोन रात्री पूर्ण जागलेल्या माणसांइतका खालावला. विशेष म्हणजे, आपण एवढे मंदावलो आहोत याची पुरेशी जाणीव त्यांना स्वतःला नव्हती; पहिल्या काही दिवसांनंतर झोप येत असल्याची त्यांची भावना फारशी वाढली नाही, क्षमता मात्र घटत राहिली. 'मला सहा तास पुरतात' या विधानावर केवळ सांगणाऱ्याच्या अनुभवावरून का विसंबता येत नाही, हे यातून उमगते. बहुतेक प्रौढांना किमान सात तासांची झोप आवश्यक असते, असे निद्राशास्त्रातील तज्ज्ञ संस्था सांगतात.

ताणाचेही असेच आहे. संकट आले की शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके, म्हणजे रक्तावाटे संदेश पोहोचवणारी द्रव्ये, सोडते. त्यामुळे हृदयाचे ठोके आणि रक्तातील साखर वाढून माणूस धावायला किंवा लढायला सिद्ध होतो, आणि संकट सरले की हे सर्व पूर्वपदावर येते. पूर्वपदावर येण्याची ही उसंतच न मिळाल्यास वारंवारच्या सज्जतेची झीज हृदय, रक्तवाहिन्या, पचन आणि स्मरणशक्ती यांवर साचत जाते. अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवेन यांनी १९९० च्या दशकात या साचलेल्या झिजेची संकल्पना रूढ केली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयाला रक्तपुरवठा कमी पडून ओढवणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो.

आयुर्वेदाने हा विषय निराळ्या परिभाषेत पण मोठ्या बारकाईने हाताळला आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येला वाहिलेला असून त्यात पहाटे उठण्यापासून अभ्यंगापर्यंत, म्हणजे अंगाला तेल लावण्यापर्यंत, रोजचा क्रम सांगितला आहे; डोके, कान आणि तळपाय यांना तेल लावण्यावर त्यात विशेष भर आहे, आणि व्यायाम अंगातील शक्तीच्या निम्म्यापर्यंतच करावा असा संयमही आहे. त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात अडवू नयेत अशा तेरा वेगांची, म्हणजे शरीराच्या स्वाभाविक प्रेरणांची, गणना येते. मलमूत्राच्या वेगांबरोबर भूक, तहान, झोप, श्रमाने लागलेली धाप, जांभई आणि अश्रू यांचाही त्या यादीत समावेश आहे. आधुनिक धावपळीत नेमके हेच वेग रोज अडवले जातात. कचेरीत किंवा बाजारात स्वच्छ स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पिणारी विक्रेती, बैठक लांबली म्हणून दुपारचे जेवण चार वाजता घेणारा कर्मचारी आणि सर्वांना वाढून झाल्यावर जे उरेल त्यावर भागवणारी गृहिणी ही त्याची नित्याची उदाहरणे होत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामागे अनेक कारणे आहेत. तथापि घरात सर्वांत शेवटी आणि उरलेसुरले जेवण्याची रीत मोडली, तर त्यांतील एक कारण तरी दूर होऊ शकते.

विश्रांती नियमाने मिळते

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या विषयावर मोलाचा प्रकाश टाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत असत आणि प्रौढ कामगारांना ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सादर केले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा आणि पगाराची निश्चित तारीख या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. दीर्घ प्रयत्नांनंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारची विश्रांती यांना कायद्याचे रूप दिले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला कमाल ४८ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे दंडक घालून दिले.

या घटनाक्रमातून एक सूत्र हाती येते. गिरणी कामगाराला विश्रांतीची गरज आहे हे त्याला आणि मालकालाही आधीपासून ठाऊक होते. तरीही भोंगा थांबवण्याचा दिवस आणि वेळ सर्वांसाठी एकदम ठरली तेव्हाच ती गरज भागली. एकट्या कामगाराने कितीही निश्चय केला असता तरी ते साधले नसते. हाच न्याय आजच्या नोकरीला लागू पडतो. मोबाइलमुळे कचेरीचा निरोप रात्री अकरा वाजताही पोहोचतो आणि त्याला उत्तर न देण्याचे धैर्य एकेकट्याकडून अपेक्षित धरले जाते. फ्रान्समध्ये जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आला. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत अशाच आशयाचे खासगी विधेयक मांडले होते, मात्र त्याचा कायदा झाला नाही.

लोखंडे यांनी मिळवलेला रविवार घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र पोहोचला नाही. सर्वजण घरी असल्यामुळे रविवारी स्वयंपाक वाढतो, मटण किंवा गोडाधोडाचा बेत होतो, पाहुणे येतात, आठवड्याचे कपडे धुवायचे असतात. म्हणजे इतरांच्या सुट्टीचा दिवस गृहिणीच्या जादा कामाचा ठरतो. घरकामाला भोंगा नाही आणि पगारी रजाही नाही, म्हणून तेथील विश्रांतीचा नियम कुटुंबालाच करावा लागतो.

परंपरेतील राखीव जागा

मराठी समाजाने पूर्वी असे काही नियम केले होते. श्रावणातील मंगळागौर, नागपंचमी, आश्विनातील भोंडला आणि लेकीचे माहेरपण या प्रथांकडे केवळ धार्मिक विधी किंवा हौस म्हणून पाहिल्यास त्यांचे एक महत्त्वाचे अंग नजरेआड होते. मंगळागौरीच्या रात्री स्त्रिया झिम्मा, फुगडी, पिंगा असे दमछाक करणारे खेळ खेळत, मोकळेपणी हसत आणि एकमेकींजवळ मन हलके करत. त्या रात्रीवर कोणी हरकत घेत नसे, कारण ती चालीरीतीनेच राखून दिलेली असे. माहेरपणात लेकीने कामाला हात लावू नये असा संकेत होता, आणि सासरच्या माणसांनाही तो मान्य करावा लागे. रोजच्या कष्टांतही स्त्रियांनी मनासाठी जागा शोधली होती. पहाटेच्या अंधारात जात्यावर दळताना त्यांनी सुखदुःखाच्या ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावोगावच्या अशा लाखभर ओव्या संकलित झाल्या आहेत.

या प्रथांचे गुणगान करताना त्यांच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. विधवांना मंगळागौर आणि हळदीकुंकवातून वगळले जाई, मजुरी करणाऱ्या स्त्रीला माहेरपणाचे दिवस क्वचितच परवडत, आणि वर्षातून चार-दोन वेळा मिळालेली मोकळीक उरलेल्या दिवसांच्या श्रमांची भरपाई करू शकत नव्हती. म्हणून या प्रथांतील तत्त्व घ्यावे आणि वगळणूक टाकून द्यावी. ठरलेली वेळ, सोबतीची माणसे आणि कोणालाही विचारावे न लागणारी मुभा हे ते तत्त्व होय.

वेळ राखण्याची रीत

पहिली पायरी म्हणजे वेळेची नोंद. एक आठवडाभर, दर अर्ध्या तासाला एक ओळ याप्रमाणे, दिवस कसा गेला हे वहीत लिहिले की बऱ्याच समजुती तपासून पाहता येतात. कोणाला मोबाइलवर अजाणता गेलेला वेळ सापडतो. कोणाला खरोखरच एकही मोकळा अर्धा तास सापडत नाही, आणि अशा व्यक्तीला नियोजनाचा उपदेश करणे व्यर्थ असून तिच्या कामाचा वाटा कमी करणे हाच उपाय असतो, हेही त्या वहीतूनच सिद्ध होते.

दुसरी पायरी म्हणजे क्रम बदलणे. पगार हातात आल्याबरोबर भिशीचे पैसे बाजूला काढणारे कुटुंब महिनाअखेरीस शिल्लक टाकू म्हणणाऱ्या कुटुंबापेक्षा हमखास अधिक साठवते. झोप, जेवण आणि हालचाल यांचा वेळही असाच आधी बाजूला काढावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामाची शिफारस केली असून भरभर चालणेही त्यात मोडते. हा वेळ एकदम काढण्याची सक्ती नाही. एक थांबा आधी उतरून चालणे किंवा जेवणानंतर दहा मिनिटे फेरी मारणे यांनीही त्यात भर पडते.

तिसरी पायरी म्हणजे नवी कृती एखाद्या पक्क्या घटनेला जोडणे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनानुसार 'व्यायाम करीन' अशा मोघम संकल्पापेक्षा 'अमुक घडले की तमुक करीन' असा नेमका संकल्प अधिक वेळा तडीस जातो. संध्याकाळचा दिवा लागला की पंधरा मिनिटे गच्चीवर, मुलांची रिक्षा गेली की सावकाश बसून चहा, अशी ही जोडणी असते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात एखादी साधी कृती अंगवळणी पडायला मध्यकानुसार ६६ दिवस लागले, मात्र हा काळ व्यक्तीनुसार १८ ते २५४ दिवस असा बदलत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला फारशी बाधा आली नाही, हे त्यातील निरीक्षण विशेष दिलासा देणारे आहे.

चौथी आणि निर्णायक पायरी म्हणजे घरातील करार. 'मदत करणे' आणि 'जबाबदारी घेणे' यांत मोठा फरक आहे. सांगितल्यावर भाजी आणून देणारा मदत करतो. भाजी संपत आली आहे हे पाहणे, आणणे, निवडणे आणि ठेवणे हे सर्व ज्याच्याकडे असते तो जबाबदारी घेतो, आणि त्यानेच दुसऱ्याच्या मनातील यादी खऱ्या अर्थाने आखूड होते. पती, सासू-सासरे आणि जाणती मुले यांनी बसून कामे अशी पूर्णपणे वाटून घेतली आणि प्रत्येकाची राखलेली वेळ सर्वांसमक्ष ठरवली, तर त्या वेळेत हाक मारायची नाही हा नियम पाळला जाऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची किंवा विशेष गरजा असलेल्या मुलांची शुश्रूषा करणाऱ्यांना याची गरज सर्वांत अधिक असते. त्यांच्यासाठी भावंडांनी आणि नातेवाइकांनी आळीपाळीने दिवस वाटून घेणे हे मोठे औषध आहे.

काही वेळा प्रश्न वेळेपुरता राहत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, आवडत्या गोष्टींतून मन उडणे, झोप आणि भूक बिघडणे अशी लक्षणे असल्यास ती थकवा म्हणून झटकू नयेत आणि डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते आणि ते मराठीतही उपलब्ध आहे.

स्वतःसाठी वेळ घेणे म्हणजे कुटुंबाशी किंवा कामाशी प्रतारणा, ही भावना अनेकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या मनात खोलवर रुजलेली असते आणि तिला एका उपदेशाने उपटून काढता येत नाही. ती विरते ती सवयीने आणि भोवतालच्या माणसांच्या वागण्याने. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी रविवारची सुट्टी मागणाऱ्या कामगारांच्या मागणीलाही सहज होकार मिळाला नव्हता. आज त्या सुट्टीवर कोणी शंका घेत नाही. घरात राबणाऱ्या व्यक्तीचा रोजचा राखलेला तासही असाच निर्विवाद व्हायचा असेल, तर त्याची सुरुवात तिच्या निश्चयाइतकीच, तो तास वाचावा म्हणून घरातील दुसऱ्या कोणीतरी उठून हाती घेतलेल्या कामापासून व्हावी लागेल.